एकामागं एक

शहागंजच्या आमच्या बसथांब्यावर पूर्वी शेअर रिक्षा लागायच्या आणि त्या भरायचं काम कडुबाकडं होतं. "एक सीट, एक सीट!" तो दिवसभर ओरडायचा, आणि ती भरली की त्याला आणखी एक सापडायची. समोरच माझं दोरे-बटणांचं दुकान. गिऱ्हाइकाला भाव सांगायलासुद्धा मला घसा ताणावा लागे.

मग शहर सुधारायचं ठरलं. रिक्षा हटल्या, हिरवा चौकोन रंगवला गेला आणि त्यात विजेच्या स्कूटर आल्या. बसमधून उतरा, त्याच तिकिटावर फोननं स्कूटर उघडा आणि घर गाठा. नाव 'शेअर स्कूटर'. कडुबाला हिरवं जाकीट देऊन राखणदार नेमलं. झालं, गडी फुगला! इस्त्रीशिवाय जाकीट घालीना. बायकोनं, सत्यभामानं, कन्नडला माहेरी कळवूनही टाकलं की मालक सरकारात लागले.

पण स्कूटरकडं कुत्रं फिरकेना. ज्यांना घाई असायची त्यांच्याकडं तसला फोन नव्हता, आणि फोनवाल्यांना या गर्दीत स्कूटर घालायची छाती नव्हती. योजनेचे तरुण अधिकारी प्रणय साहेब बजावून गेले, "वापर वाढला नाही तर हा स्टँड बंद." कडुबाचा चेहरा पडला. कन्नडला आता काय तोंड दाखवायचं?

दुसऱ्या सकाळी जुनी आरोळी ऐकू आली. "एक सीट, एक सीट, टीव्ही सेंटर!" पुढं फोनवाली नर्स, मागं मेथीचं गाठोडं घेतलेली मुक्ताबाई. एकटं कोणी निघालं की कडुबा हँडल धरायचा, "शेअर हाय ना? मग एकटेच कुठं चालले?" भांडून, दटावून त्यानं स्कूटर भरल्या. आकडे वाढले. प्रणय साहेबांनी ते मोठ्या पडद्यावर दाखवून टाळ्या घेतल्या, मग टाळ्या कशाच्या ते बघायला आले आणि जागीच तापले.

"अहो, शेअर म्हणजे जोडीनं बसणं नव्हे! एकामागून एक वापरायची!"

"तेच तर करतोय साहेब. एकामागं एकच बसवतोय. तिसरा घेतला नाय."

साहेबांनी भर बाजारात जाकीट उतरवून घेतलं. माझं डोकंच फिरलं. कडुबा माझ्या पायरीवर येऊन मुकाट बसला. ज्या आवाजाला मी वर्षानुवर्षं वैतागलो, तो नाही म्हणून मला त्या दिवशी दुकानात करमेना.

स्कूटरवर धूळ चढली आणि नेमकी वरून पाहणी लागली. साहेब जाकीट काखेत मारून पायरीशी धावत आले.

"कडुबा, तेवढं ओरडा हो! पाहुणे आलेच!"

कडुबानं सावकाश जाकीट घातलं, बटणं लावली आणि असा ओरडला की माझी काचेची बरणी थरथरली. भराभर स्कूटर सुटल्या. शेवटच्या स्कूटरवर मुक्ताबाई मागं बसून होती, पुढं कोणीच नाही. पाहुण्यांची गाडी वळली.

"तुमच्याकडं फोन हाय ना, साहेब? बसा पुढं."

साहेबांनी गाडीकडं पाहिलं, आपल्या नियमाकडं पाहिलं, आणि बसले. स्कूटर झोकांड्या खात निघाली. मागून कडुबा ओरडला,

"जपून, साहेब! शेअर हाय, एकटे नाय तुम्ही!"