तिसऱ्या ओळीतील शब्द

लिहून देणार: मी स्वतः, अर्जनवीस, वय पन्नाशीच्या अलीकडे, शिक्षण सातवी — फायनलला बसलो होतो, निकालाचे विचारू नये. जिच्याविषयी लिहून देतो ती: सुनंदा, मूळची मालवणकडची, राहणार मरोळची एक चाळ. साक्षीदार: शेजारच्या टेबलावरचे टंकलेखक तावडे. ठिकाण: अंधेरी पूर्व, सरकारी कचेरीच्या भिंतीलगत. काळ: गिरण्यांच्या संपानंतरचा, गणपती नुकतेच उठले होते.

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. पत्नीजवळही नाही. तुम्हांस सांगतो, कारण तुमची-माझी ओळख नाही — आणि ओळखीच्या माणसांचा मला भरवसा वाटत नाही. समोर बसणारा प्रत्येकजण काहीतरी लपवतो, असे धरूनच मी पेनाचे टोपण काढतो. या संशयामुळेच माझे अर्ज सहसा फेटाळले जात नाहीत. असे मी अभिमानाने सांगत आलो. स्वतःविषयी मात्र हा संशय मी कधी का घेतला नाही?

त्या वर्षांत अंधेरीला कुंपणाच्या आत एक निराळाच मुलूख उभा राहिला होता. परदेशी कंपन्यांचे कारखाने. तिथला माल आपल्या बाजारात येत नसे. परस्पर विमानाने जाई. आपल्याकडून आत जात त्या बायका — तरुण, बारीक बोटांच्या, चांगल्या नजरेच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि सुनंदाचे घर तिच्या एकटीच्या पगारावर आले. दिवसभर भिंगाला डोळा लावायचा आणि केसाहून बारीक तार जागेवर चिकटवायची, हे तिचे काम. ती तार पुढे कोणत्या यंत्रात बसते, असे मी एकदा विचारले होते. "ता बघूक अमेरिकेक जावक व्हया," असे म्हणून ती हसली होती.

तिचा अर्ज साधा होता. भिंगावरून काढून तिला माल खोक्यात भरण्याच्या खात्यात घ्यावे. नोकरी राहावी, एवढेच.

"सांजेक देवाकडचो एक दिवो माका दोन दिसतत," ती म्हणाली. "लिवा भाऊ, डोळे गेले. त्या भिंगापायी गेले."

आता येथे मला थांबावे लागते. कारण तिच्या आधी दुसरे एक गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन गेले होते. त्याच कारखान्याचे सुपरवायझर. काम रेशनकार्डाचे होते, परंतु बोलणे भलतीकडेच वळले. माझी शैला मॅट्रिक झाल्याचे त्यांना ठाऊक होते. कसे, ते मी विचारले नाही.

"पोरीची नजर कशी आहे, भाऊसाहेब? सुईत दोरा पटकन ओवते ना? मग पाठवा," ते म्हणाले. आणि उठता उठता: "आमच्या बायका तुमच्याकडे येतात म्हणे. डोळ्यांबिळ्यांचे जपून लिहा हां. बाहेरची कंपनी ती. कटकट नको झाली की उद्या गाशा गुंडाळून दुसऱ्या देशात जाईल. मग तुमची पोर पण घरी, आमची पण."

हे खरे होते, की मला भिववण्यासाठी रचलेले? अजूनही सांगता येत नाही. मी मात्र ते खरे मानले, कारण खरे मानणे माझ्या सोयीचे होते.

सुनंदाविषयी मी काय काय शंका काढल्या, पाहा. युनियनवाल्यांनी पढवून पाठवली असेल. हलके काम हवे असेल. चष्मा लावण्याची लाज वाटत असेल. आणि मग अर्जाच्या तिसऱ्या ओळीत मी सुंदर, वळणदार अक्षरात लिहिले — "माझे डोळे आले आहेत."

डोळे आले म्हणजे साथ. त्यात कोणाचा दोष नसतो. डोळे गेले म्हटले, की ते कोणी घालवले असा प्रश्न उभा राहतो. आलेले डोळे एकाचे दुसऱ्यास लागतात, तेव्हा कंपनी या शब्दाचे काय करील, हे मला समजले नव्हते, असे येथे लिहिण्याचा माझा विचार होता. समजले होते.

आणि हेही सर्व नव्हे. सुनंदाला वाचता येत असे. तिने कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुमीच वाचून दाखवा." तिला माझे अक्षर दिसत नव्हते. म्हणजे तिच्या म्हणण्याचा पुरावा माझ्यासमोर बसला होता — आणि मी काय केले? मी खडा आवाज लावून वाचले: "माझे डोळे गेले आहेत." ती समाधानाने मान हलवत राहिली. मी बोट ठेवले तेथे तिने सही केली.

सांसर्गिक रोग म्हणून तिला फाटकातूनच परत पाठवण्यात आले, ते कायमचेच. चाळीत ही बातमी तिच्या आधी पोचली. नळावर बायका तिच्या हंड्याला हंडा लागू देईनात.

ती माझ्याकडे आली. भांडली नाही. "भाऊ, तुमी 'गेले' म्हणान वाचलात मा?" एवढेच विचारले.

"बाई, तू 'आले' म्हणालीस. लोक सांगतात तसेच मी लिहितो," मी म्हणालो. चारचौघांत, मोठ्याने.

तावडेंची टकटक थांबली. "काय भाऊसाहेब," ते यंत्रावरून मान न उचलता म्हणाले, "एक भिंग कानाला पण लावून घ्या." मी हसण्यावारी नेले. सुनंदा निघून गेली. पायरी उतरताना तिने आधी पाय पुढे सरकवून कड चाचपली. ते मी पाहिले.

कारखान्यात भिंगापुढच्या तिच्या रिकाम्या स्टुलावर शैला बसली. सुईत दोरा तिने एका दमात ओवला होता म्हणे. मी पेढे वाटले. तावडेंनी घेतला नाही.

त्याला आता काही वर्षे लोटली. परवा झंपरला बटण लावताना शैलाने सुई-दोरा मुकाट्याने आईच्या हातात दिला. दिव्याचा उजेड कमी आहे, असे म्हणाली. दिवा तोच होता, रोजचा. मी, जो जगावर संशय घेतो, त्याने तिला काहीही विचारले नाही.

प्रत्येक अर्जाच्या शेवटी मी 'सबब विनंती' असे लिहितो. येथे विनंती नाही. केवळ दुरुस्ती आहे.

सुनंदाच्या अर्जातील तिसऱ्या ओळीत 'आले' असा शब्द आहे. तो माझा आहे. तेथे 'गेले' असे वाचावे.

कळावे.