खराब रोल आणि दोन शहाणे

रिसोडात माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांच्या काचांवर नावं, दुकानांच्या दारांवर अक्षरं, अशी कामं. कटिंगच्या मशीनवर मी सात वर्षं बसते आहे. तरी ज्यांना वहीला साधं कव्हर सरळ घालता येत नाही, असे लोकही मला ब्लेड कशी लावायची ते शिकवून जातात.

एकदा केनवडची एक बाई आली. स्वतःच्या मळ्यातला भाजीपाला स्वतः बाजारात नेणारी. तिने नवी पिकअप घेतली होती आणि समोरच्या काचेवर तिला आपल्या आईचं नाव लाल अक्षरांत हवं होतं. "परवा बाजार हाये. त्याच्या आदी पायजे मले," ती म्हणाली. मी शब्द देऊन बसले.

लाल रेडियमचा रोल वाशिमच्या व्यापाऱ्याकडून नुकताच आला होता. नाव कापलं. डावीकडची अक्षरं सुबक, उजवीकडची अर्धवट. भोवतालचा फालतू भाग चिमट्याने उचलला की अख्खं अक्षरच उठून हातात यायचं. नवी ब्लेड घातली. तेच. दाब वाढवला, तर उजवीकडे नीट कापलं आणि डावीकडे मागचा कागदच फाटला. वेग कमी केला, पुन्हा तेच. रोलचा एक काठ चामड्यासारखा जाड आणि दुसरा कांद्याच्या पापुद्र्यासारखा. असला माल लोकांच्या गळ्यात मारायला काळीज नाही, निव्वळ निर्लज्जपणा लागतो.

मी व्यापाऱ्याला फोन लावला.

"ताई, माल तर एक नंबर हाये," तो म्हणाला. "तुमच्या मशीनमदीच लोचा असंन. भाऊजी हायेत का? त्याइले द्या फोन, समजावून सांगतो."

भाऊजी म्हणजे माझा नवरा. शाळेत मास्तर. मशीनचं बटण कुठे आहे हेही त्याला माहीत नाही. तो दुकानात चहा पीत बसला होता. फोन घेतला आणि काय ऐकलं कोण जाणे, मान डोलवत म्हणाला, "हो हो, ब्लेडच घासली असंन. मी पाह्यतो ना."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कायले हो म्हनलं तुमी?"

"अवं, तो एवढं समजावून राह्यला होता, नाही कसं म्हनू?"

व्यापाऱ्याचा मला राग आला होता. नवऱ्याची किळस आली. मी पुन्हा फोन लावून व्यापाऱ्याला सांगितलं, "उद्या दुसरा रोल घेऊन या अन् सोताच्या डोळ्यानं पाहा."

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. नवराही बघायला येऊन उभा राहिला. मी खराब रोलचा एक तुकडा कापला, त्याच्या जाड काठावर पेनाने फुली मारली आणि दोन्ही काठांना सारखे चौकोन कापले. फुलीकडचा, म्हणजे उजवीकडचा चौकोन सुटेना. मग तुकडा उलट्या टोकाने मशीनमध्ये घालून तसेच चौकोन पुन्हा कापले. भाकर एका बाजूने करपत असली की आपण ती तव्यावर फिरवून पाहतो, तसंच. दोष मशीनचा असता तर पुन्हा उजवीकडेच बिघडलं असतं. बिघडलं डावीकडे, फुलीपाशी.

व्यापाऱ्याने काठ बोटांनी चोळून पाहिला. मग माझ्याकडे पाठ करून नवऱ्याला म्हणाला, "सर, तुमचं बरोबर हाये. रोलच खराब निगला."

"मी तेच म्हनत होतो," नवरा म्हणाला. माझ्यासमोर, माझ्याच दुकानात, तोंड वर करून.

मी नवा रोल चढवला आणि नाव दोनदा कापलं. एक स्वतः मोकळं केलं. दुसरं त्या दोघांच्या पुढे ठेवलं, नवऱ्याच्या हातात चिमटा दिला आणि म्हटलं, "घ्या. फक्त अक्षरं ठेवायची, बाकी सारं काढायचं."

तेवढ्यात पिकअप आली. मी बाहेर जाऊन काच पुसली आणि नाव चिकटवलं. बाई जरा मागे सरकून पाहत राहिली, मग काचेवरून हलकेच हात फिरवला. गाडी नजरेआड होईपर्यंत मी रस्त्यावरच उभी होते.

आत आले तेव्हा दोन्ही शहाणे डोकी जुळवून पहिल्याच अक्षरावर वाकले होते, आणि ते त्यांनी फाडलं होतं.