कवळीकाकांची फुंकर

कवळ्या बनवणाऱ्या माणसानं कॅनरी पाळाव्यात यात नवल नाही. दिवसभर मुके दात हाताळल्यावर कुणीतरी गाणारं लागतंच. कवळीकाकांच्या कामाच्या खोलीत एका भिंतीला दातांचे साचे आणि समोरच्या भिंतीला अकरा पिंजरे होते. पण गल्लीत त्यांचा दबदबा होता तो कवळ्यांमुळे नव्हे, फुंकरीमुळे.

कॅनरीचे नर-मादी वरून सारखेच दिसतात. नर गळा फुगवून लांबलचक गातो, मादी चिवचिवते, एवढाच काय तो फरक. गाणं सुरू होईपर्यंत ज्याला दम निघत नसे, तो आपला पक्षी घेऊन काकांकडे येई. काका पक्ष्याला तळहातावर उताणं धरत आणि बारीक नळीनं फुंकून पोटावरची पिसं बाजूला करत. शेपटीपाशी पुढे आलेला उंचवटा दिसला की नर, सपाट दिसलं की मादी. पंचवीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते. हे सगळ्यांना पाठ होतं, कारण काकाच दर आठवड्याला सांगत. वर म्हणत, "ज्या दिवशी चुकेन, त्या दिवशी नळी मोडेन."

त्यांच्या खोट्या अंड्यांचाही असाच डंका. मादी रोज सकाळी एक अंडं घालते. काका ते काढून घेत आणि त्या जागी प्लास्टरचं ठेवत. चौथं आलं की खरी सगळी परत, म्हणजे पिल्लं एकाच दिवशी बाहेर येतात. प्लास्टरला ते फिकट निळसर रंग देत आणि कवळीच्याच कुंचल्यानं तपकिरी ठिपके काढत. "आईला कळत नाही, तिथं तुमची काय कथा," असं गिऱ्हाइकांना ऐकवत.

अशा या काकांना एक थोरली बहीण होती. अक्का एकटी राहायची. "घर खायला उठतं रे, एखादा गाणारा दे," म्हणाली. विणीच्या हंगामाआधी पिल्लाचं काही सांगू नये, हा काकांचाच नियम. पण थोरल्या बहिणीपुढे रुबाब करायची हौस साठीलाही सुटत नाही. चार महिन्यांचं पिल्लू उचललं, घाईघाईत अर्धीमुर्धी फुंकर मारली आणि म्हणाले, "नर. डोळे मिटून ने."

नर घरी गेला आणि मौनात गेला.

"तुझे बुवा आजही गप्पच आहेत," अक्का फोनवर म्हणे.

"पिसं झडतायत, अक्का. तेव्हा कुठलाच नर गात नाही."

"नवी पिसं येऊन महिना झाला, धाकट्या."

फोन वाजला की काका भरल्या ताटावरून उठू लागले. बायको म्हणाली, "स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढे धास्तावला नव्हतात."

मध्यंतरी कवळी टोचते म्हणून अक्का कामाच्या खोलीत येऊन बसली. काका कवळी घासत होते तोवर ती बोळक्या तोंडानं गप्प राहिली. काकांना ती शांतता फार गोड वाटली. खरं तर तिथंच सावध व्हायला हवं होतं.

दोन दिवसांनी सकाळीच फोन आला. "ये बाबा. तुझ्या नरानं अंडं घातलंय."

काका गेले ते चपला उलट्यासुलट्या घालून. खिडकीत पिंजरा होता. टेबलावर वाटीत कापूस आणि कापसावर अंडं. निळसर, तपकिरी ठिपक्यांचं. पक्षी दांडीवर फुगून बसला होता.

"जरा फुंकून बघतो," काका पुटपुटले.

"बाळंतीण आहे ती. आत्ताच्या आत्ता तिला उताणी करणार? लाज वाटू दे."

काकांना खरंच लाज वाटली. ते खुर्चीत बसले, खिशातून नळी काढून टेबलावर ठेवली. कान लाल झाले होते, आवाज खाली आला होता. "चुकलो, अक्का. घाई केली. आता गल्लीत कुणाचा पक्षी हातात धरू?"

अक्काचा चेहरा जरा उतरला. ती काही बोलणार, तोच काकांनी शेवटचं बघावं म्हणून अंडं उचललं. अंडं निसटलं, फरशीवर पडलं.

टक्.

फुटलं नाही. उड्या मारत कपाटाखाली गेलं.

काकांनी कपाटाकडे बघितलं, मग अक्काकडे. अक्का पदर तोंडाला लावून गदगदत होती. आणि त्या आवाजानं दचकलेला पक्षी दांडीवर ताठ झाला, गळा लिंबाएवढा फुगवला आणि गायला लागला. थांबेच ना.

"आठ दिवस झाले गातोय," अक्का डोळे पुसत म्हणाली. "पहाटेपासून. शेजारीण ऐकायला येऊन बसते."

"आणि अंडं?"

"तुझ्या खणातलं. तू कवळी घासत होतास तेव्हा घेतलं. तुझ्या बायकोनंच दाखवला खण."

काकांनी गुडघ्यांवर बसून, हात लांब करून अंडं बाहेर काढलं. खिडकीपाशी नेऊन चांगलं निरखलं. आता हा भडकणार असं अक्काला वाटलं, पण त्यांचे गाल वर वर जायला लागले.

"अक्का, काय रंगवलंय गं मी. मलासुद्धा कळलं नाही."

मग दोघंही इतकी हसली की अक्काची कवळी सुटली, आणि ती बसवून देताना काकांना हसू आवरेना, म्हणून ती दोनदा बसवावी लागली.

निघताना काकांनी नळी खिशात टाकली, अंड्याकडे हात नेला. अक्कानं त्या हातावर चापट मारली.

"ते ठेव इथंच. माझ्या नरानं घातलंय."

आता कुणी हंगामाआधी पिल्लू आणलं, तर काका नळीला हातही लावत नाहीत. "थोडं थांबा," म्हणतात, "गाऊ दे त्याला आधी."