मामींचं पथ्य आणि माझी नजर

"तोंड फिरीव. तिकडं भिंतीकडं बघ."

मामी पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात ताट. माझं वाढून झालं होतं आणि मी नेहमीसारखी चुलीपाशी उभी होते. मला कळेचना, कुणाला म्हणतायत. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच.

"तुलाच म्हनते. तू टक लावून बघतीस, म्हनून माझं वजन उतरंना. उपाशी मानसाची नजर लई वंगाळ."

मी फिरले. चुन्याची भिंत. तिच्यावर फोडणीचे तेलकट शिंतोडे. पाठीमागे त्यांच्या चावण्याचा आवाज. भाकरी हवी असली की त्या ताट वाजवायच्या. मी वळायची, वाढायची, परत भिंतीकडे तोंड. असं महिनाभर चाललं. सतरा वर्षांची होते मी. आणि आज सांगायला लाज वाटते, पण मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. कारण नजर मी खरंच लावत होते.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. आमचं गाव शेवगावच्या पलीकडे, कोरडवाहू. बाप आधीच गेलेला. विहिरीचा तळ उघडा पडला तेव्हा आई मला घेऊन देवळाली प्रवऱ्याला आली. तिच्या चुलतभावाची तिथे वस्ती होती. पाटाचं पाणी, दोन विहिरी, ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. पाहुणे म्हणून आलो आणि गड्यांच्या छपरात उतरलो. आईला खुरपायला लावलं, मला स्वयंपाकाला. एकाच जातीचे, त्यामुळे माझ्या हातचं त्यांना चालत होतं. पहिल्याच दिवशी मामींनी बजावलं, "चारचौघांत मामी म्हनू नको. बाईसाहेब म्हन."

घरात शाळूची भाकरी व्हायची. आम्हाला मिलो, अमेरिकेतून आलेला जोंधळा. तांबडा, रेशनचा, चिकटपणा नसलेला. भाकरी थापली की कडा फाटायच्या. दोघींना मिळून संध्याकाळी तीन भाकरी आणि तोंडी लावायला थोडं कोरड्यास. सकाळी रात्रीचं उरलं तर उरलं.

मामींचे गुडघे धरले होते. जिना चढताना तोंडातून कण्हण्याचा आवाज यायचा. मामांच्या ओळखीचे एक डॉक्टर नगरहून महिन्यातून एकदा यायचे. गुळाच्या ढेपा तोलायच्या काट्यावर त्यांनी मामींना उभं केलं. अठ्ठ्याऐंशी किलो. मामी लाजून हसल्या. डॉक्टर हसले नाहीत.

"शरीर दिवसाला जितकं जाळतं, त्याहून थोडं कमी खायचं," ते म्हणाले. "थोडंच कमी. पण रोज. महिना-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं. मग शरीर साठवलेली चरबी वापरायला लागतं. घाई केलीत, तर उतरलेलं सगळं परत येईल."

मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं, एवढंच? हे तर आमच्या घरात आजीच्या काळापासून चालू आहे. आम्हाला कुणी डॉक्टर लागला नाही.

मामींचं पथ्य मी सांभाळायची. सकाळी एक भाकरी, रात्री अर्धी. पालेभाजी, पातळ वरण, सायीशिवाय ताक. भात बंद, तूप बंद, गूळ बंद. भाकरी मी ठरल्या मापाचीच थापायची. रात्री अर्धी मोडून ताटात, उरलेली अर्धी वेगळी. ती अर्धी गाईची. मामींचा तसा नेम होता. आपण सोडलेला घास गाईच्या मुखी गेला की पथ्याचंही पुण्य लागतं, असं त्या म्हणायच्या. घरातल्या कुणी तो खाल्ला तर पथ्य मोडतं. मी गोठ्यात जाऊन ती अर्धी भाकरी गाईपुढे धरायची. गाय खरखरीत जिभेने ओढून घ्यायची. गाय चांगली गोल होती.

हेवा मला कशाकशाचा वाटला, ते सांगते. गाईचा वाटला. मामींच्या दंडांचा वाटला. त्यांच्या बांगड्या मांसात रुतायच्या, माझ्या कोपरापर्यंत चढायच्या. त्यांना ताटात टाकता यायचं, त्याचा वाटला. "नको आता, पुरे," हे शब्द त्या किती सहज बोलायच्या. मी ते एकटी असताना म्हणून बघायची. तोंडात बसायचेच नाहीत. आणि सगळ्यात जास्त हेवा वाटला त्या काट्याचा. कमी करायला माणसाजवळ आधी काहीतरी असावं लागतं. मामींकडे वीस किलो फालतू होते. तेवढ्या मांसात मला एक धाकटी बहीण झाली असती.

मामी वाईटच होत्या असं नाही. एकदा त्यांच्या मुलांसाठी पुऱ्या तळत होते. त्या आल्या, टोपलीतली टम्म पुरी बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरोखर रडल्या. माझ्या मनात आलं, रड. अजून रड. इतकी जळत होते मी.

पण वजन हलेना. दुसऱ्या महिन्यात अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्या महिन्यात एकोणनव्वद. मामींनी आधी काट्याला दोष दिला. मग माझ्यावर संशय घेतला. म्हणे, मी वरणात तूप सोडते. मग दृष्ट काढली, मिरच्या मीठ ओवाळून चुलीत टाकलं. मिरच्यांचा ठसका उठला नाही. तेव्हा ठरलं की नजर आहे आणि ती माझी आहे. तिथून ती भिंत सुरू झाली.

त्याच दिवसांत माझ्या अंगात दुसरंच काही चाललं होतं. पाळी आली नाही. एक महिना, दोन, चार. आईच्या लक्षात आलं. छपरात तिने मला भिंतीशी धरलं.

"कुनाचं हाय?"

"कुनाचंच न्हाई."

तिने चपलेने मारलं. ती अशक्त, मी अशक्त. चार फटक्यांत तिला दम लागला आणि ती खाली बसून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी ती मामींकडे गेली. आपल्या माणसाकडे मन मोकळं करायला. हीच तिची चूक.

चौथ्या खेपेला डॉक्टर आले. काट्यावर नव्वद. डॉक्टरांनी चष्मा काढला. "अर्ध्या भाकरीवर वजन वाढत नाही. स्वयंपाक कोण करतं?"

मला बोलावलं. मामा खुर्चीत, मामी काट्याशेजारी.

"घाबरू नकोस," डॉक्टर म्हणाले. "सोमवारपासून सांग. बाईसाहेबांच्या पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट."

मी सांगायला लागले. सोमवार उपवासाचा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपातली. दोन केळी. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. चारला राजगिऱ्याचे लाडू. रात्री रताळ्याच्या फोडी, तूप-गुळातल्या. मंगळवारी चतुर्थी, पुन्हा तेच. गुरुवारी पुन्हा. शनिवारी पुन्हा.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"उपवासाचं खानं म्हंजे काय खानं हाय व्हय?" मामी म्हणाल्या.

चुगली करायची म्हणून मी बोलले नव्हते. खरं सांगते, मीही तसंच समजत होते. उपास म्हणजे उपाशी. आमच्याकडे उपास म्हणजे पाणी पिऊन झोपायचं. डॉक्टर मोठ्याने हसले. मामाही हसले. मामींचा चेहरा लाल झाला. आणि त्या माझ्यावर उलटल्या.

"माझं खानं मोजताय? हिचं बघा आधी. चार म्हैने कोरडी हाय. कुनाचं पोटात घिऊन माझ्या चुलीला शिवती, देव जाने."

मामांनी मान खाली घातली. जमीन दुभंगली तर बरं, असं वाटलं. ती काही दुभंगली नाही.

डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. एकतीस किलो. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, नखं दाबली. काय खातेस, विचारलं. मी सांगितलं. फार वेळ लागला नाही सांगायला.

"हिला काही झालेलं नाही," ते मामींकडे बघत म्हणाले. "ही उपाशी आहे. खर्च रोजचा, पोटात त्याहून कमी, असं बराच काळ चाललं की शरीर पाळी बंद करतं. जीव राखायचा असतो ना त्याला. तुम्हाला मी जे करायला सांगतोय, ते हिने जन्मभर केलंय. हिच्याजवळ जाळायला चरबी नाही, म्हणून ते हिलाच जाळतंय."

मग त्यांनी हात धुतले, चहा घेतला आणि जीपमध्ये बसून गेले. मला जेवायला घाला, हे सांगायचं त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मी मात्र तिथेच उभी. म्हणजे माझी नजर वाईट नव्हती. माझी चाल वाईट नव्हती. मला भूक लागली होती. आईचा मार खाल्ला, देवाची माफी मागितली, भिंतीकडे तोंड केलं, ते सगळं भुकेपायी. एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगायला नगरहून माणूस यावा लागला.

संध्याकाळी मामी पाटावर बसल्या. मी अर्धी भाकरी वाढली.

"तोंड फिरीव."

"न्हाई फिरवनार."

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं. मी गाईची अर्धी भाकरी उचलली. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. वाटीत वरण ओतून घेतलं, मुलांच्या भांड्यातलं तूप घेतलं, चांगलं दोन चमचे. आणि खायला लागले. त्यांच्या तोंडाकडे बघत.

"नजर लावतीस?"

"व्हय. लावते. पोट भरस्तवर लावनार हाय."

अर्धीने भरलं नाही. मी टोपलीतली आणखी एक घेतली. मामी हाका मारत होत्या, मामांना, गड्यांना. कुणी येईपर्यंत मी दोन भाकऱ्या संपवल्या होत्या. हात धुतले. वाटीही घासून ठेवली, कारण तिच्यात मी खाल्लं होतं.

आई चिडली. "जागा घालवलीस, आता कुटं जायाचं?" मी तिला डॉक्टरांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. ती ऐकत राहिली. माफी वगैरे मागितली नाही तिने. आमच्यात मागत नाहीत. फक्त माझ्या दंडाला हात लावून बघितलं आणि गाठोडं बांधायला घेतलं. सकाळी आम्ही गावाकडे निघालो. तिकडे सरकारने दुष्काळी काम म्हणून पाझर तलाव खणायला घेतला होता. मातीच्या पाट्या उचलायच्या, पण दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पिठाचा गोड खाऊ, मिळायची. पहिल्या दिवशी मुकादमाने मला बाई नाही, पोर म्हणून अर्धी ओंजळ घातली. मी रांगेतून हलले नाही. मागच्या बायका ओरडल्या, तरी हलले नाही. पूर्ण ओंजळ पडली तेव्हाच बाजूला झाले.

सात महिन्यांनी पाळी आली. आईने त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही.

पुढची सगळी वर्षं मी लोकांच्या घरी स्वयंपाकच केला, नगर शहरात. आता तर घरोघरी वजनकाटे. बायका मोजून खातात, वर्षानुवर्षं खातात, आणि उतरलं की मला कौतुकाने सांगतात. चांगलं आहे. त्यांच्या गुडघ्यांसाठी चांगलंच आहे. पण माझा हेवा गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. माझ्या वाट्याचं मला त्यानेच मागायला लावलं.

नव्या घरी पहिल्या दिवशी मी पगाराचं नंतर बोलते. आधी एकच सांगते. मी आल्याबरोबर जेवणार, तुमच्या आधी, पोटभर, तुम्ही खाता तेच. मग चूल पेटवणार. ज्यांना चालत नाही, त्यांच्या दारातून मी तशीच परत जाते.