कवेलूचं कोर्ट

गडचांदूरला सिमेंटची कमतरता नाही. आमच्या कॉलनीत रस्ते सिमेंटचे, बागेतली बाकं सिमेंटची, आणि टेनिसचं कोर्टही सिमेंटचं. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत सिमेंट चाळून त्याचा बारीकपणा तपासतो, त्यामुळे त्या टणक कोर्टाचा मला उगाचच अभिमान होता. माझी मुलगी नवव्या वर्षापासून त्यावर खेळली. सोळाव्या वर्षी तिचा उजवा गुडघा सुजला आणि सूज उतरेचना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि सांगितलं, सहा-आठ महिने आराम, आणि त्यानंतरही सिमेंटवर खेळायचं नाही. मऊ जमीन मिळाली तर खेळा, नाहीतर खेळ सोडा.

मऊ कोर्ट आणायचं कुठून? आमच्या भागातली जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती पायातली चप्पल ओढून घेते आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत पाऊल जातं. पोरगी रडली नाही. तिने रॅकेट कपाटावर ठेवली आणि अभ्यासाला लागली. चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर यावरून माझ्याशी दोन दोन दिवस अबोला धरणारी मुलगी एकाएकी शहाण्यासारखी वागू लागली, याचीच मला जास्त भीती वाटली.

त्या उन्हाळ्यात टीव्हीवर पॅरिसची लाल मातीवरची स्पर्धा लागली की ती उठून आत जायची. मी बसून राहायचो. खरं सांगतो, तिथे हमखास जिंकणारे स्पॅनिश खेळाडू मला कधीच आवडले नव्हते. माझा स्वभाव घाईचा. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण माझ्यावरूनच निघाली, असं बायकोचं मत आहे. मला एका फटक्यात सोक्षमोक्ष लावणारे खेळाडू हवे असायचे. हे स्पॅनिश लोक आलेला चेंडू नुसता परत करत राहतात, समोरचा कंटाळून चुकेपर्यंत. पण त्या वर्षी मी पहिल्यांदा चेंडू सोडून त्यांचे पाय बघितले. धावत येतात आणि थांबायच्या वेळी थांबतच नाहीत. पाय घसरत जातो, घसरता घसरताच चेंडू मारला जातो, आणि शरीर हळूच उभं राहतं. गुडघ्याला कुठे धक्का म्हणून नाही. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसलो होतो.

मग मला वेडच लागलं. ड्युटीवरून आलो की मोबाइलवर स्पेन. तिथल्या समुद्रकाठच्या लहान लहान गावांतही अशी लाल कोर्टं आहेत. तिथे शिक्षक टोपलीतून एकेक चेंडू हाताने टाकतो आणि पोरं तोच फटका शेकडो वेळा मारतात. कुणी टाळ्या वाजवत नाही. एकेकाळी जग त्यांना हसायचं, हे मातीवरचे किडे, माती सोडली की संपले, असं म्हणायचं. त्याच मातीवर शिकलेली पुढची माणसं गवतावर जिंकली, सिमेंटवर जिंकली, बायका जिंकल्या, पुरुष जिंकले. एवढ्याशा देशात एका खेळाला एवढा बहर येतो आणि त्याच्या मुळाशी नुसता धीर असतो, हे बघून मी मोबाइललाच हात जोडले.

नातीच्या दुखण्यामुळे सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना मी मामी म्हणतो. मूल तालुक्यात त्यांची धानाची शेती आहे. एकदा सामना संपल्यावर टीव्हीवर स्पेनमधलं एक गाव वरून दाखवलं, आणि मामी लसूण सोलायचं सोडून पुढे सरकल्या.

“हे तं कवेलूची घरं हायेत! आपल्यासारखीच!”

मी त्यांना सांगितलं की ते लाल कोर्टही विटा आणि कवेलू, म्हणजे छपराची कौलं, कुटूनच करतात. तिकडच्या भाषेत त्याला कुटलेली माती असंच म्हणतात.

“मंग तुमी काऊन एवढा इचार करून राह्यले? माती कुटाचं काम आमाले नाई येत का? आमच्या खळ्यावर करा.”

मला हसू आलं. मग हसू थांबलं. धानाची मळणी आता मशीनवर होते, तरी मामी आणि त्यांच्या तीन शेजारणी दरवर्षी गावाबाहेरच्या उंचवट्यावर एकाला एक लागून खळी करतात. माती भिजवायची, धुमसाने ठोकायची, सारवायची. धान घरात गेलं की ती सगळी जागा पुढच्या पावसापर्यंत रिकामी असते. आणि नवीन घरकुलांवर स्लॅब पडल्यापासून गावात घरोघरी मागच्या अंगणात जुन्या कवेलूंचे ढीग पडून आहेत.

धान काढायला मामी गावी परतल्या होत्या; संक्रांतीनंतर मी त्यांना फोनवरून मापं कळवली आणि आठ दिवसांनी तीन मोठ्या चाळण्या घेऊन गावी पोचलो. चार खळ्यांचं एक खळं झालं होतं, तळहातासारखं सपाट. वरून शेणाने झकास सारवलेलं. आणि बरोबर मधोमध मेढ रोवलेली. मेढ म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. त्याला हळदकुंकूही लावलेलं.

मी भडकलो. “मामी, हे काय करून ठेवलं? टेनिसच्या कोर्टात खांब असतो का?”

“बिनामेढीचं खळं रायते का, जवाईबापू?” त्या शांतपणे म्हणाल्या. “अपशकून होते.”

मी बराच बोललो. शेजारणी पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. माझा दम संपल्यावर मामींनी विचारलं, “जाळं कुठून कुठपावेतो बांधसान?” मी हात करून दाखवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. “मंग मधात लोंबन नाई का थे?” टेनिसचं जाळं मध्यभागी एका पट्ट्याने खाली बांधून ठेवतात, आणि तो पट्टा मी साफ विसरलो होतो. मापाची दोरी काढली. मेढ जिथे हवी तिथेच होती, एका बोटाचाही फरक नाही. मामींनीच करवत मागवली आणि म्हणाल्या, “कमरेएवढी ठेवा. मेढ रायली म्हनजे झालं.” मी मान खाली घालून कापली. तलावावर मासे धरणाऱ्या शेजाऱ्याने बारीक विणीचं जुनं जाळं दिलं, ते कडेच्या दोन बल्ल्यांना आणि मधल्या मेढीला बांधलं.

सारवलेल्या जमिनीवर चेंडू उसळत होता, पण पाय सरकत नव्हता. वर भुकटी हवी होती. पुढचे आठ दिवस बायकांनी कवेलू कुटले आणि मी चाळले. पहिल्या चाळणीतून पडलेली भुकटी खड्यांसारखी पायाला टोचली. दुसरीची इतकी बारीक झाली की वाऱ्यावर उडून सगळ्यांच्या केसांत बसली. तिसरीची जमली. वीस वर्षं सिमेंट चाळून मी काय शिकलो असेन ते त्या चाळणीत उपयोगाला आलं. पण मामी अनवाणी कोर्टभर चालायच्या, मध्येच थांबून टाच रुतवायच्या आणि म्हणायच्या, “इथी खोल हाये.” मला काहीच दिसायचं नाही. पाणी शिंपडलं की डबकं नेमकं तिथेच साचायचं. त्या बाईच्या टाचेपुढे माझी लेव्हलची नळी मी गुपचूप पिशवीत घातली. टेनिस हा शब्दही धड न उच्चारणाऱ्या या चार बायका, समुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी माणसांच्या हातचं काम जन्मापासून येत असल्यासारखं करत होत्या, आणि मला राहून राहून भरून येत होतं.

शेवटी चुन्याच्या रेषा मारल्या आणि मुलीला बोलावलं. ती आली, पण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहिली.

“दुखन परत,” एवढंच म्हणाली.

“दुखलं तं सोडून दे,” मामी म्हणाल्या. “मी काई म्हननार नाई. पन येक डाव पाय तं ठेव वं माय. तुह्याच साठी कुटलं.”

ती उठली. मी टोपली घेऊन जाळ्याच्या पलीकडे उभा राहिलो आणि हाताने एकेक चेंडू टाकू लागलो, अगदी तिच्या पायाशी. ती जपून मारत होती, उजवा पाय काठीसारखा ताठ ठेवून. पन्नासेक चेंडू झाले असतील. माझा मूळ स्वभाव सांगत होता की आता जरा लांब टाकून बघ. मी स्वतःला आवरत होतो. मग घामाने हात ओला झाला, चेंडू निसटला आणि पार कोपऱ्याकडे गेला.

“सोड त्याले!” मी ओरडलो.

ती धावली होती. शेवटच्या दोन पावलांना तिचा उजवा पाय पुढे गेला आणि घसरला, घसरतच राहिला, लाल धूळ उडाली, ती खाली गेली. माझ्या हातातली टोपली पडली. जाळं ओलांडताना पाय अडकला, तसाच अडखळत धावलो. डोळ्यांसमोर डॉक्टरांच्या हातातली ती फिल्म. पोचेपर्यंत ती सरळ उभी राहिली होती. पोटरीपर्यंत लाल, गुडघ्यावर हात ठेवून. आम्ही दोघंही त्या गुडघ्याकडे बघत होतो. तिने तो वाकवला. सरळ केला. पुन्हा वाकवला.

“दुखलं का?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. तिचा हा राग मी दहा महिने पाहिला नव्हता.

“बाबा, तुमी मधात काऊन आले? आतमध्ये पडला होता मी मारलेला चेंडू, पाह्यला तरी का? जा, तिकडे उभे राहा. अन् आता लांबच टाका.”