आतून न उघडणारं दार

दुबईत, अल क्वोजमधल्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी कामाला लागलो तो काही हौसेनं नाही. माझं सगळं बालपण शारजात, अल मजाजला खाडीकाठच्या इमारतीत गेलं. पण शिक्षण संपलं आणि वडिलांच्या व्हिसावरून मला निघावं लागलं. नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. ज्या कंपनीनं आधी व्हिसा दिला, तिथे मी डॉक्युमेंटेशन क्लार्क झालो. पहिल्याच दिवशी मॅनेजरनं पासपोर्ट मागून घेतला आणि कपाटात ठेवला. सगळ्यांचेच तिथे असत.

दोन हजार एक सालच्या जूनमध्ये डेन्मार्कहून एक पाहुणा आला. त्याच्या गावच्या बंदरातून आमच्याकडे गोठवलेले मासे येत. वीज गेली, आग लागली, गॅस गळला तर काय करायचं याची योजना आमच्याकडेही लेखी असावी, अशी तिथल्या कंपनीची अट होती. उंच, सावकाश बोलणारा माणूस. दोन दिवस तो वही घेऊन गोदामात हिंडला. त्याचं इंग्रजी मी कामगारांना हिंदीत सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी ड्रिल ठरलं. कोणी फ्रीजर रूममध्ये अडकलं तर? पाहुणा म्हणाला, "मीच आत जातो. दार लावा. मी आतून उघडून बाहेर येईन." दुभाष्या म्हणून मी त्याच्याबरोबर, आणि खोलीची माहिती असलेले म्हणून चाचा. चाचा रत्नागिरीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, बारा वर्षं याच खोल्यांतून माल काढत होते. मॅनेजरनं बाहेर सगळ्यांना बजावलं, "कोई दरवाजा नहीं खोलेगा. साहब खुद निकलेंगे. यल्ला, चलो!"

दार लागलं. पाहुण्यानं आतली मूठ दाबली. ती नुसतीच गरगर फिरली.

"ही मोडून वर्ष झालं," चाचा मला म्हणाले. "मी तीनदा सांगितलं होतं. आज नवा रंग दिसला म्हणून वाटलं, पाहुणा येणार तर दुरुस्त केली असेल."

मी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यानं दारावर मुठी मारल्या. मग आम्ही तिघांनी मारल्या, ओरडलो. बाहेरून टाळ्यांचा अस्पष्ट आवाज आला. त्यांना वाटत होतं, ड्रिल रंगात आलंय.

बाहेर पंचेचाळीस, आत उणे अठरा. अंगात उसनं जाकीट होतं, पण पायांत ऑफिसचे पातळ बूट. मोबाइल एकट्या मॅनेजरकडे, तोही बाहेर. पाहुणा खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्या बंदरात दर ड्रिलआधी एक शब्द ठरवतात. तो उच्चारला की समजायचं, आता हे खरं आहे. मी आज तो ठरवायला विसरलो."

मग आम्ही गप्प होऊ नये म्हणून तो बोलत राहिला. त्याच्या बंदराबाहेर समुद्रात पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांच्या विजेवर शीतगृहं चालवायचा विचार आहे, वारा पडला तर काय करायचं याचीही तालीम होते. मी थरथरत मराठीत सांगत होतो. चाचा म्हणाले, "वाऱ्यावर बर्फ? आमच्याकडे वाऱ्यावर गलबतं चालायची, तेवढंच ठाऊक."

हळूहळू मला बोटं जाणवेनाशी झाली. आपण बाहेरच्या माणसांपासून हातभर अंतरावर मरणार, आणि ते घड्याळ लावून उभे आहेत, या विचारानं मी दारावर डोकं आपटायला लागलो. चाचांनी मला मागे ओढलं.

"थांब. आपल्यासाठी नाही, तर मालासाठी तरी येतील," ते म्हणाले. भिंतीवर तापमान मोजणारी एक कांडी होती. आतली थंडी कमी झाली की तिच्यामुळे ऑफिसात भोंगा वाजे. चाचांनी हातमोजे काढले, कांडी दोन्ही तळहातांत धरली आणि तिच्यावर तोंडाची वाफ सोडू लागले. पाहुण्यानं वरून आपलं जाकीट धरलं. त्यांचे हात बधिर झाले की मी धरायचो. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी भोंगा वाजला आणि मिनिटभरात दार उघडलं. मॅनेजर स्वतः धावत आला होता.

"टेंपरेचर कैसे चढा? माल ठीक है ना?"

पाहुण्यानं मला विचारलं, हा काय म्हणतोय. मी सांगितलं. त्यानं तिथेच उभ्याउभ्या वहीत लिहिलं.

जाताना त्यानं हस्तलिखित अहवाल टाइप करून त्याच्या कंपनीला फॅक्स करायला माझ्याकडे दिला. मॅनेजरनं तो वाचला. "दरवाजेवाला हिस्सा निकाल दो. लिखो, ड्रिल सॅटिसफॅक्टरी."

"सर, त्यांनी स्वतः लिहिलंय," मी हिंदीत म्हटलं.

"तेरा व्हिसा इसी साल रिन्यू होना है ना?"

मी तो भाग गाळला.

चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वाईट केलंस. मीही तेच केलं असतं. आता चल, मुठींचं बघू." शेजारच्या लेथवाल्याकडून आम्ही चारही खोल्यांसाठी नव्या दांड्या करून घेतल्या. चाचा एकेका खोलीत जाऊन मला दार लावायला सांगत. मी हात दारावरच ठेवून उभा राही. चारही वेळा ते आतून बाहेर आले.

पंधरा दिवसांनी माझ्या नावानं पाहुण्याचा फॅक्स आला. तुमच्या प्रतीत एक परिच्छेद दिसत नाही, चुकून राहिला का?

मी उत्तर पाठवलं नाही. त्यानंतर चार वर्षं त्याच टेबलावर बसून त्याच्या बंदरातून येणाऱ्या माशांची कागदपत्रं करत होतो.