राखीव बाटली

आमच्या डोंबिवलीच्या ट्रेकिंग ग्रुपचा एक नियम होता. जो सगळ्यात शेवटी चालेल, त्याच्या सॅकमध्ये राखीव बाटली. लिंबू-मीठ-साखरेचं लिटरभर पाणी. कुणी ढेपाळलं तरच ती उघडायची, आणि शेवटच्याने स्वतः तोंड लावायचं नाही. सह्याद्रीत वीस वर्षं शेवटी मीच चाललो, आणि बाटली बहुतेक वेळा भरलेलीच घरी आणली. गडावर पाण्याचं टाकं असतंच कुठेतरी. नियम पाळणं सोपं होतं, एवढंच.

मग आम्ही सातजण थरच्या वाळवंटात गेलेलो. सुट्ट्या जुळल्या त्या होळीनंतर, म्हणजे ऐन उन्हात. दिवसभरात पंचवीस किलोमीटर तुडवून एका वस्तीवर पोचायचं होतं. दुपारी दोनच्या सुमारास वाटाड्या आणि पुढचे पाचजण टेकाडापलीकडे दिसेनासे झाले. मागे राहिलो मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. वाळूत टाकलेलं पाऊल निम्मं मागे यायचं. त्याचं पाणी संपलेलं, माझंही.

तो एका खेजडीच्या झाडाखाली बुटातली वाळू काढायला बसला. मी लघवीच्या निमित्ताने टेकाडाआड गेलो आणि राखीव बाटली काढली. एकच घोट, असं ठरवलेलं. बाटली रिकामी झाल्यावरच खाली आली.

परत आलो तर तो म्हणाला, "अरे, ती राखीव काढतोस का? डोकं गरगरतंय."

"गळून गेली सकाळीच," मी म्हणालो. "चल, नाटकं करू नकोस."

"हरामखोरा," तो हसला, "मला पहिल्यांदा लागली, तर नेमकी गळकी!"

अर्ध्या तासात तो कोसळला. मी त्याला पाठीवर घेऊन वस्तीपर्यंत आणलं. हे खरं आहे. लोकांना मी एवढंच सांगितलं.

तो वाचला, पण ऊन मेंदूत भिनलं होतं. आता भिंत धरून चालतो, बोलताना जीभ अडखळते. ग्रुपने मला शाल-श्रीफळ दिलं. तो खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होता. मी वाकून नारळ घेतला. पुढे घोडबंदरला राहायला गेलो, आणि त्याच्याकडे न जायला ट्रॅफिकचं कारण आयतंच मिळालं.

गेल्या महिन्यात, सहा वर्षांनी, डोंबिवलीत मानपाड्याला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि त्याच्या शेजारी बसल्या. मी सगळं सांगून टाकलं, त्या टेकाडामागच्या रिकाम्या बाटलीपर्यंत.

तो बराच वेळ शब्द जुळवत होता.

"लिंबाचा वास... आलेला. पाठीवर होतो ना. तुझ्या तोंडाला."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तेव्हा तुझी पाठ... हवी होती."

"आणि नंतर?"

"नंतर बघत होतो. तुला किती... वर्षं लागतात."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, हे चेहऱ्यावरच दिसत होतं. त्या उठल्या, माझ्यापुढचा ग्लास उचलला आणि आत घेऊन गेल्या.

मी अजून त्याला तोंड लावलं नव्हतं.